उडत्या तबकडीच्या कचेरीस जाहीर विनंतिअर्ज

राजमान्य राजश्री करडे, गोरे व सरपटे, मुक्काम बीकन गावावरील अवकाश, राज्य न्यूयॉर्क, यांसी कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

टीबीएस या अमेरिकन वाहिनीने ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी, म्हणजे भुताखेतांच्या हॅलोवीन सणाचा मुहूर्त साधून, आपल्या खात्याचा कारभार ‘पीपल ऑफ अर्थ’ या विनोदी मालिकेच्या रूपाने चव्हाट्यावर मांडला, आणि तेव्हापासून प्रेक्षकवर्गात जे बरेवाईट अभिप्राय उमटले ते आपल्या कानी कोणी घातले असतील असे वाटत नाही. कारण मर्त्य माणसाला आपल्या कचेरीत यायचे तर आपणच त्याला मध्यरात्री उचलून न्यावे लागते, आणि परत सोडताना त्याच्या स्मृतीवर बोळा फिरवला जात असल्यामुळे त्याने तिथे तक्रार गुदरली तरी तिची पोच हाती राहण्याची सोय नाही. म्हणून हा जाहीर पत्राचा मार्ग पत्करला आहे. मालिकेत आपली नावे जेफ, डॉन आणि कर्ट अशी आहेत हे ठाऊक असूनही वर्णावरून आणि वंशावरून आडनावे लावण्याची आमच्याकडची जुनी रीत मी पाळली आहे, त्याबद्दल राग नसावा.

प्रथम आपल्या गतवैभवाचे स्मरण करून देणे अवश्य आहे. १९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री बार्नी हिल हा टपालखात्यातील एक साधा मुलाजिम आणि त्याची समाजकार्य करणारी पत्नी बेटी हे दांपत्य कॅनडाची सहल आटोपून न्यू हॅम्पशरच्या पहाडी रस्त्याने घरी परतत असता आकाशातला एक दिवा त्यांच्या मोटारीच्या मागे लागला, प्रवासातील सुमारे दोन तासांचा हिशेब पुढे काही केल्या जुळेना, आणि अखेर १९६४ साली बोस्टनच्या डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना संमोहित करून त्यांच्या जबान्या घेतल्या, तेव्हा कानशिलापर्यंत ओढलेल्या तिरक्या डोळ्यांच्या ज्या आकृतीचे वर्णन बार्नीच्या तोंडून बाहेर पडले, तिने पुढे कित्येक वर्षे अमेरिकेतील सालस कुटुंबांची झोप उडवली. खुद्द डॉक्टरांचे मत असे की या प्रकरणाचे मूळ बेटीबाईंच्या स्वप्नांत असावे. पुढे काही चिकित्सकांनी अशीही हरकत घेतली की तसल्याच डोळ्यांचा एक परग्रहवासी ‘द आउटर लिमिट्स’ या मालिकेच्या एका भागात बार्नीच्या त्या जबानीच्या अवघे बारा दिवस आधी झळकून गेला होता. ती मालिका आपल्याला ठाऊकच नव्हती, असे सांगून बेटीबाईंनी ती हरकत फेटाळली. मग १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये, २० तारखेस, याच दांपत्याच्या हकिकतीवरील चित्रपट एनबीसीने घरोघरी दाखवला, आणि दोन आठवडे उलटतात न उलटतात तोच ॲरिझोनाच्या जंगलात लाकूडतोडीच्या टोळीतला ट्रॅव्हिस वॉल्टन सोबत्यांच्या देखत एका प्रकाशझोतात सापडून नाहीसा झाल्याची वर्दी पोलिसांत दाखल झाली; पाच दिवसांनी तो परत आला. हा सिलसिला योगायोगाचा की परिणामाचा, याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. परंतु दूरचित्रवाणीवर आपले दर्शन झाले असता प्रेक्षकाने दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि गायबच व्हायचे असेल तर रीतसर साक्षीदार ठेवून गायब व्हावे, एवढा आपला वचक त्या काळी होता, हे कोणालाही मान्य करावे लागेल.

आता आजची कैफियत ऐकावी. आपली तबकडी गावावर तरंगते आहे, माणसे उचलली जात आहेत, एका वृत्तसंस्थेचा प्रमुख प्रत्यक्षात माणसाच्या कातड्यातला सरीसृप आहे, आणि हे सर्व सोफ्यावर लवंडून पाहणाऱ्या गृहस्थाचा एकंदर अभिप्राय काय, तर गोष्ट जरा रेंगाळते! दुसऱ्याची अडचण याहून गंभीर. ‘द ऑफिस’ची अमेरिकन आवृत्ती घडवणारे ग्रेग डॅनियल्स आणि हास्यसम्राट कोनन ओब्रायन ही दोन नावे निर्मात्यांत वाचून तो हसण्याची पूर्ण तयारी करून बसला होता, परंतु या मालिकेत ध्वनिमुद्रित हशाच्या लाटा सोडलेल्या नसल्यामुळे नेमके कोठे हसावे याचा हुकूमच त्याला मिळाला नाही, आणि बेकायदा हसण्यापेक्षा न हसलेले बरे असा विचार करून तो अर्ध्या तासाच्या शेवटी गंभीर मुद्रेनेच उठला. तिसरा वर्ग आपल्या विषयातील व्युत्पन्न पंडितांचा. आपल्या जातीजमातींची कुळकथा त्यांना मुखोद्गत असते: करडे ते संशोधनाचे काम करणार, गोरे ते उंच, सोनेरी केसांचे आणि सात्त्विक, सरपट्यांच्या मनात मात्र कायम राज्य बळकावण्याचे. या तिघांना एकाच यानात, एकाच पंक्तीला बसवून ग्रंथकर्त्याने घोर वर्णसंकर मांडला आहे, अशी त्यांची फिर्याद आहे, आणि तिच्यात शास्त्राधार भरपूर असल्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी मी आपल्यावर सोपवतो.

मला स्वतःला नवल वाटते ते चौथ्या वर्गाचे, कारण त्याची निराशा सर्वांत प्रामाणिक आहे. हा प्रेक्षक वेडे पाहायला आला होता. परग्रहवासीयांनी आपल्याला नेले असे सांगणारी माणसे म्हणजे हुकमी हशा, अशी त्याची समजूत. आणि इथे पाहतो तो काय, चर्चच्या एका खोलीत दहाबारा खुर्च्या गोलाकार मांडल्या आहेत, जीना नावाची समुपदेशक शांतपणे एकेकाला बोलते करते आहे, जागा देणारे पाद्री डग यांना देवावर विश्वास ठेवायचा की या मंडळींवर हे नीटसे उमजलेले नाही, आणि जो तो आपली हकिकत सांगताना शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे हळूच पाहून घेतो आहे. वार्ताहर ऑझी ग्रॅहम या मंडळींवर लेख लिहिण्याच्या मिषाने येतो. त्याला स्वतःला एवढेच आठवते की आपल्या मोटारीवर एक हरीण आदळले. पण ते हरीण आपल्याशी बोलले, हे कोणापाशी कबूल करावे याची त्याला पंचाईत पडली आहे. आणि गेरी! पथकराच्या नाक्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या या इसमास आपल्या शास्त्राची खडान्‌खडा माहिती, पण सुरुवातीला तरी त्याला आपण उचलून नेलेले नाही, आणि लग्नाच्या पंगतीत आमंत्रणावाचून बसलेल्या दूरच्या नातलगासारखा तो त्या वर्तुळात अवघडून बसतो. उचलून नेलेल्यांना आपण सांगता की ते इतरेजनांपासून वेगळे, खास निवडलेले आहेत. तेच वाक्य आपण सरसकट सर्वांना सांगता हे त्यांना हळूहळू कळते. आणि गेरीला मात्र ते खोटे वाक्यदेखील वाट्याला आलेले नाही. हे पाहून हसावे की त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, हे ठरवता न आल्यामुळे वेडे पाहायला आलेला आमचा प्रेक्षक वाहिनी बदलून गेला. मला विचाराल तर विनोदाने त्या खोलीच्या दारात जोडे काढून ठेवले आहेत, आणि म्हणूनच मालिका जपून ठेवण्याजोगी झाली आहे. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ जॉन मॅक यांनी अशाच लोकांचे म्हणणे कान देऊन ऐकले व १९९४ साली त्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा पुलित्झर पारितोषिकाचा मानकरी असलेल्या या विद्वानाच्या मागे त्याच्याच विद्यापीठाने चौकशी लावली होती. डेव्हिड जेन्किन्स या मालिकाकाराने तेच ऐकण्याचे काम अर्ध्या अर्ध्या तासाच्या भागांत, विनोदाच्या परवान्यावर उरकून घेतले, आणि त्याच्यामागे कोणतीही समिती लागली नाही.

जोडे काढलेला हा विनोद मग गेला कोठे, तर थेट आपल्या यानात. या बाबतीत आमच्या एका स्नेह्यांचा अभिप्राय मी मुद्दाम नोंदवतो. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ न्यू जर्सीला मुलाकडे राहायला गेले असता सूनबाईंच्या आग्रहावरून मालिका पाहायला बसले. गावातील मंडळींची दुःखे चालू असेपर्यंत ते बशीत ओतलेला चहा फुंकत होते. पण यानात आपण तिघे कामाच्या वाटणीवरून एकमेकांवर खेकसू लागलात, आणि दुसऱ्या पर्वात वरून नेमून आलेला एरिक नामक तरंगता घन आपल्या डोक्यावर साहेब म्हणून बसला, तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली. “सूनबाई,” ते म्हणाले, “हा चौकोनी साहेब बदलीवर आलाय की बढतीवर?” आणि पुढे रात्री जेवतानाही त्यांची जिज्ञासा शमेना: स्मृती पुसण्यापूर्वी पंचनामा होतो काय, उचललेल्या इसमाची नोंद आवकबारनिशीत घेतात की जावकबारनिशीत, आणि करड्यांच्या हाताखाली शिपाई का नाही. महाराज, चाळीस वर्षे दफ्तरांच्या धुळीत काढलेल्या माणसाने आपल्या आक्रमणाकडे पाहिले आणि त्याला आढळली ती एक अपुऱ्या मनुष्यबळाची कचेरी. हिल दांपत्याच्या काळापासून आपण किती खाली आलात, हे यावरून ताडावे. वाईट मात्र वाटून घेऊ नये. भीती वाटेनाशी झाली तेव्हाच तर त्यांना आपल्याविषयी आपलेपणा वाटू लागला. परतल्यावर स्नेहीमंडळींत ते आपला उल्लेख ‘बिचारे’ असा करतात.

एका गोष्टीबद्दल मात्र प्रेक्षकांपैकी फारसे कोणी कुरकुरलेले दिसत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. ज्या हडसन नदीच्या खोऱ्यात ही कथा घडते तिथे आपल्या नावाची पुण्याई जुनी आहे. बीकनहून नदीपलीकडे पाइन बुश या गावी आपल्या सन्मानार्थ जत्राही भरते. असे असून मालिकेचे चित्रण झाले ते कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात. माणूस पळवला तर मालिका होते; अख्खे गाव सरहद्दीपलीकडे नेले त्याची दादफिर्याद नाही.

आता मुख्य मागणी. दोन पर्वे आणि एकूण वीस भाग झाले. २०१७ साली वाहिनीने तिसऱ्या पर्वास मंजुरी दिल्याचे जाहीर केले, आणि जून २०१८ मध्ये तोच हुकूम फिरवून मालिका बंद केली. रेंगाळते म्हणणाऱ्यांनाही मग एकाएकी गोष्टीचा शेवट हवासा झाला, आणि जे न हसता उठले होते तेही हळहळले. मंजूर झालेले पर्व नेमके कोठे गेले याची आठवण कोणासच नीटशी नाही. मधल्या काळाचा हिशेब जुळत नाही. अधिकृत खुलासा जो मिळतो तो खरा वाटत नाही. ही सर्व लक्षणे आपल्या खात्याची आहेत. सबब अर्जदारांची विनंती की सदर तिसरे पर्व आपल्या ताब्यात असल्यास आवश्यक त्या तपासण्या आटोपून ते आहे त्या स्थितीत परत करावे. आणि ताब्यात नसल्यास, ज्या अधिकाऱ्याने मंजूर कागदावर रद्दचा शिक्का मारला त्यास आपण एकदा उचलून न्यावे. त्याच्या जागी बदली कामगार देण्याची घाई नाही. जेन्किन्स यांची पुढची, चाच्यांवरील मालिकाही दोनच पर्वांनंतर बंद पडली, तेव्हा ही बाब आपण तातडीची समजाल अशी आशा आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक न नेलेला प्रेक्षक

ता. क. उत्तर पाठवायचे झाल्यास हरणाकरवी पाठवू नये. आमच्याकडे रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे, आणि रस्त्यात आडवे येऊन एखादे काळवीट बोलू लागले तर त्याचा जबाब घेण्याचा अधिकार वनखात्याचा की पोलिसांचा, याचा निकाल लागेपर्यंत आपले पत्र दफ्तरी पडून राहील.