राखीव शेकोटी

थंडी पडली, पॅकेज आलं. दोन माणसं, दोन दिवस, एक रात्र. दुपारी एकला खोलीत शिरायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाहेर पडायचं, म्हणजे दोन दिवस एकवीस तासांत उरकायचे. यावर भांडणं मी सोडून दिलं आहे. कंदिलातला एलईडी, कुंपणाला टेकवून ठेवलेलं बैलगाडीचं एकुलतं एक चाक, 'अस्सल गावरान' थाळीतलं पनीर, हेही मुकाट्याने गिळतो. माझं घोडं अडलं आहे ते दरपत्रकाच्या तळाशी असलेल्या एका ओळीवर : 'प्रायव्हेट शेकोटी, फक्त कपलसाठी. वेळ रात्री 8 ते 9. रु. 1,500. लाकूड संपल्यास जादा आकार.'

प्रायव्हेट शेकोटी! उद्या प्रायव्हेट वरात निघेल, प्रायव्हेट चावडी भरेल.

शेकोटीला मालक नसतो, एवढं साधं कलम या रिसॉर्टवाल्यांच्या गावी नाही. ज्याला आधी थंडी वाजते तो पेटवतो आणि ज्याला झोप येत नाही तो विझवतो. मधल्या वेळात जो येईल त्याने मूठभर काहीतरी घेऊन यायचं. तुराट्या, पऱ्हाट्या, फुटक्या खाटेचा गात, गेल्या निवडणुकीतल्या फलकाची चौकट. काहीच नसेल तर शेजारच्या कुंपणाची काठी उपसून आणायची. त्या कुंपणाचा मालकही तिथेच हात शेकत बसलेला असतो आणि 'लाकूड चांगलं पेटतंय' म्हणून दाद देतो. घरी गेल्यावर त्याच्या लक्षात येतं, मग दुसऱ्या दिवशी भांडण होतं. ते भांडण रात्री शेकोटीवरच मिटतं आणि तोवर दुसऱ्याच कोणाचं तरी कुंपण जळत असतं. नव्या माणसाला कोणी 'या, बसा' म्हणत नाही. बसलेले नुसते बूड सरकवतात. उशिरा येणाऱ्याला धुराची बाजू मिळते आणि वारा फिरला की लवकर आलेलेही डोळे पुसू लागतात. पुढून भाजायचं, पाठीमागून गारठायचं, मग वळून बसायचं. विषय ठरलेले असतात : कांद्याचा भाव, जळालेली डीपी, बिबट्या कोणाच्या उसात दिसला, आणि कोणाच्या पोराचं लग्न का जमत नाही. त्या पोराचा बाप बसलेला असला, तरी शेवटचा विषय निघतोच. आळीआळीच्या शेकोट्या वेगळ्या असत, आणि कोणत्या शेकोटीवर कोणी टेकायचं हे जात ठरवत असे, हेही खरं. गाव काही संत नव्हतं. पण विस्तवाला ताशी दर लावायची अक्कल त्या गावालाही सुचली नव्हती.

आता दीड हजारांची पाहा. आठच्या ठोक्याला सारख्या मापाचे ओंडके रचलेले असतात. धुमसत बसायला वेळ नाही, तास मोजायचा आहे, म्हणून त्यावर डिझेल ओततात. दोन वेताच्या खुर्च्या बऱ्याच लांब ठेवलेल्या, कारण अंगातल्या जाकिटांना आग सोसत नाही. पहिली चाळीस मिनिटं फोटोंत जातात. 'काढलास?' 'ज्वाळा नाही आल्या.' 'परत काढ.' उरलेली वीस मिनिटं डास मारण्यात. हवेत तेव्हा सोळा-सतरा अंश असतात. मुंबईचा पारा 22 जानेवारी 1962 ला 7.4 अंशांवर आला होता आणि पुण्याचा 17 जानेवारी 1935 ला 1.7 वर. त्या त्या रात्री या दोन्ही शहरांतली जोडपी वाकळ पांघरून आपापल्या घरी झोपली असणार. आता थंडी आपल्याकडे येत नाही, म्हणून आपण दोन तासांवरच्या (म्हणजे साडेचार तासांवरच्या) माळावर तिला शोधायला जातो. ती तिथेही फारशी सापडत नाही. मग दोघं खोलीत येतात, एसी अठरावर लावतात आणि दुलई ओढून एकमेकांना सांगतात, 'काय थंडी आहे ना!'

हुरड्याचंही तेच केलं आहे. शेतकऱ्याच्या आगटीत गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेलं कणीस तळहातावर चोळून ज्याच्या त्याच्या हातावर द्यायचं, बरोबर लसणाची चटणी, गूळ, बोरं, आणि पैसे विचारले तर शेतकऱ्याचा अपमान. इथे तो वाटीत येतो, स्टार्टर म्हणून. मालदांडी ज्वारीचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 3,749 रुपये आहे, म्हणजे किलोला साडेसदतीस. वाटीचा दर विचारू नका, जेवण जाणार नाही.

पण विनोद करता करता माझा आवाज चढतो तो त्या पोरामुळे. शेकोटी पेटवायला एक पोर ठेवलेला असतो. बहुतेक त्याच गावचा, आणि पुष्कळदा जमीन विकलेल्याच घरातला. अंगात रिसॉर्टचं नाव छापलेला अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट. त्या अख्ख्या आवारात खरोखर थंडी वाजत असलेला हा एकटाच इसम, आणि त्याने उभं राहायचं अंधारात, पाहुण्यांच्या 'प्रायव्हसी'च्या पलीकडे. दर दहा मिनिटांनी यायचं, ओंडका ढोसायचा आणि परत अंधारात जायचं. हात शेकायचे नाहीत. त्याचा आजा ज्या रानात रात्रीची दारं धरून झाल्यावर पाय भाजेस्तोवर शेकत बसायचा, त्याच रानात नातवाने विस्तवापासून वीस पावलं लांब उभं राहायचं! आणि खुर्चीतल्या दोघांना एकदाही वाटत नाही की, 'ये रे, बस जरा' म्हणावं. का वाटावं? पैसे मोजलेत ते तो लांब राहावा म्हणूनच ना? ऊब काय, खोलीतल्या हीटरचीही मिळते. हे दीड हजार आहेत तिसरा माणूस नसण्याचे. विस्तवाभोवती माणसं जमतात ही गोष्टच ज्यांना अडचण वाटते, त्यांना शेकोटी लागते कशाला? मेणबत्ती लावा, घरी बसा, गावाला तरी सोडा!

बरं, जोडप्याने थंडीत गावाकडे येऊन राहायची ही कल्पना मुळात रिसॉर्टवाल्यांची नाहीच. त्यांच्या फाटकासमोरच्या मोकळ्या रानात पाहा, दिवाळीनंतर बीडकडून आलेली जोडपी उतरलेली असतात. तिथेही दर जोडीमागेच. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा आला तर अर्धा कोयता. पैसे आगाऊ, पण ते मुकादमाने यांना दिलेले असतात, आणि ती उचल फिटेपर्यंत चेक-आउट नाही. मुक्काम चांगला चार-पाच महिने. खोली म्हणजे बांबू, पाचट आणि ताडपत्रीची कोपी, एकदम इको-फ्रेंडली. तारे छपरातूनच दिसतात. पहाटे चारला बाई उठते, पाचट पेटवते, त्याच विस्तवावर भाकऱ्या आणि त्याच विस्तवावर पोरांचे हात. मग दोघं फडात. तोडणीचा दर 2024 च्या जानेवारीत 34 टक्के वाढला, तेव्हा कुठे तो टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. जोडीने दिवसभर राबून दीड-दोन टन होतात. तेव्हा पलीकडच्या लॉनवरचा एक तास म्हणजे चार टनांवर ऊस : पाला काढायचा, तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन वाहनात भरायचा. दोन माणसं, दोन दिवस. हिशेब अगदी पॅकेजसारखाच जुळतो, फक्त यात फोटो नाहीत. रिसॉर्टच्या माहितीपत्रकात मात्र फाटकासमोरच्या या रानाला 'उसाचा नयनरम्य देखावा' म्हटलेलं आहे. कोप्यांकडची बाजू मेंदीच्या उंच कुंपणाने झाकून घेतली आहे आणि ते कुंपण कोणीही उपसून जाळू नये म्हणून त्याला आतून काटेरी तार आहे.

असो. धंदा म्हटल्यावर पुढचा हंगाम याच्याही पुढे जाणार. दोघांच्या शेकोटीचा लवकरच कंटाळा येईल. एक तास एकमेकांशी बोलत बसायचं म्हणजे लग्नाला पाच वर्षं झालेल्या जोडप्याकडून केवढी अपेक्षा! मग दरपत्रकात आणखी एक ओळ वाढेल : 'शेकोटीवर गावकरी, चार नग, रु. 800. शनिवार-रविवारी दीडपट.' धोतराला जादा. बिबट्याच्या गोष्टीला जादा. गावकरी प्रशिक्षित असतील, पाहुण्यांना राजकारण विचारणार नाहीत, पोराच्या लग्नाचा विषय काढणार नाहीत आणि 'तुमचं मूळ गाव कोणतं?' हे तर अजिबातच नाही, कारण त्या प्रश्नावर पाहुणे गडबडतात. जोडप्याने 'सरका' म्हटलं की ते सरकतील, नऊच्या ठोक्याला उठतील. अंधारातल्या त्या पोराला त्यात बढती मिळेल. त्याला चौथा नग म्हणून विस्तवापाशी बसवतील, महिन्याला पाचशे वाढवून देतील आणि त्याच्या पगारातून कापतील घोंगडीचं भाडं.