टेबलापलीकडून निदान करणाऱ्या डॉक्टरसाहेबांस

आदरणीय डॉक्टरसाहेब,



सर्वप्रथम अभिनंदन स्वीकारावे. माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन सात वर्षांपूर्वी मुंबईला, परळला झालं. तिथे खोलीएवढी यंत्रं होती, ती चालवायला माणसं होती आणि त्या माणसांनाही माझ्या आत काय चाललंय ते कळायला दोन-दोन दिवस लागायचे. आपल्याला यातलं काहीच लागत नाही. मी खुर्चीत नीट टेकायच्या आत, गळ्यातला स्टेथोस्कोप गळ्यातच ठेवून, आपण माझं निदान केलंत. "टेन्शन घेता तुम्ही."

तक्रार साधी होती. जिना चढताना दम लागायचा. रात्री आडवं झालं की कोरडा खोकला सुरू व्हायचा. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा. हे आपण ऐकलंत असं म्हणायला मी धजत नाही, कारण मधेच आपल्याला एक फोन आला. कुठल्याशा प्लॉटचा विषय होता. सातबाऱ्यावर आधी कुणाचं नाव होतं, बोजा आहे का, फेरफार कधीचा, जुने कागद कुणाकडे आहेत, असं एकेक आपण इतक्या बारकाईने विचारलंत की मला त्या प्लॉटचा हेवा वाटला. माझेही जुने कागद होते. मांडीवरच होते.

फोन संपल्यावर आपण माझ्याकडे नव्हे, आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणालात, "वहिनींना जरा फिरायला न्या. कॅन्सर शरीरातून गेला, आता मनातून जायला पाहिजे." चिठ्ठीवर अ‍ॅसिडिटीची गोळी, बीकॉम्प्लेक्स आणि झोपेची अर्धी. दम लागतो म्हणून आलेल्या बाईला फिरायला न्या! हे मात्र परळलाही कुणाला सुचलं नसतं.

पुढच्या खेपांना आपण निदानात वैविध्य ठेवलंत, त्याबद्दलही आभार. एकदा गॅसेस झाले, एकदा वजन. एकदा वय झालं. एकदा पाळी जाण्याचा काळ झाला. ती पाळी केमोनेच बंद पाडली होती, त्यालाही सात वर्षं होत आली होती, पण हे कळायला फाइल उघडावी लागली असती. आपण ती नुसती उचललीत, तळहातावर तोललीत, "बाप रे, केवढी!" म्हणालात आणि औषध कंपनीच्या कॅलेंडराशेजारी बाजूला सरकवलीत. तिकडे आपल्या सिस्टर बीपीचा पट्टा माझ्या डाव्या हाताला गुंडाळत होत्या. त्या काखेतल्या गाठी काढल्यात, तो हात टाळायला सांगितलंय, असं म्हणून मी उजवा पुढे केला. तेव्हा आपण हसून म्हणालात, "वहिनी फार वाचतात!"

मग मी मुंबईला विचारलं. तिथे स्कॅन झाला. "क्लिअर आहे. छातीचं तुमच्या फिजिशियनना दाखवा." आपल्याला दाखवलं. "कॅन्सरची केस आहे, तिकडेच विचारा." कॅन्सरच्या डॉक्टरांच्या लेखी मी बरी झालेली, आपल्या लेखी मी कॅन्सरची. दोघांच्या मधे एसटी स्टँडवर मात्र मी एकटीच धापा टाकत होते.

शेवटी एका रात्री आडवंच होता येईना. उशाला टेकून बसून राहिले. मुलाने गाडी काढली आणि शहरातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथे एक मुलगी होती, हो, मुलगीच, आपल्या लेकीच्या वयाची असेल. तिने पहिला प्रश्न विचारला, "काकू, रात्री झोपताना उशा किती घेता?" तीन, म्हटलं, आणि आता तीननेही भागत नाही. मग तिने खाली वाकून माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तर तिथे खळगा. आम्ही दोघी त्या खळग्याकडे बघत राहिलो. तो भरून यायचं नाव घेईना. मग म्हणाली, "केमो कोणती होती? लाल रंगाची होती का?"

डॉक्टरसाहेब, या तीन गोष्टींना एक पैसा लागला नाही. वीजही लागली नाही. सकाळी टू डी इको झाला. हृदय एका ठोक्याला आतलं जेवढं रक्त पुढे ढकलतं त्याचा आकडा पन्नास टक्क्यांच्या वर असावा लागतो, माझा पस्तीस निघाला.

लाल केमो म्हणजे डॉक्सोरुबिसिन. परळच्या वॉर्डात सगळ्या बायका तिला 'लालवाली' म्हणायच्या. ती घेतली की लघवीही तांबूस व्हायची. ती कॅन्सरच्या पेशी मारते तशी हृदयाच्या स्नायूलाही इजा करू शकते. म्हणून आयुष्यभरात किती घ्यायची याला मर्यादा असते, आणि इजा कधीकधी कित्येक वर्षांनी बाहेर येते. त्यावर मला ट्रॅस्टुझुमॅब हे औषध मिळालं. तेही हृदयाला त्रास देऊ शकतं म्हणूनच ते चालू असेपर्यंत दर तीन महिन्यांनी इको करायचे. औषध संपलं तसे इकोही संपले. आणि डाव्या बाजूला रेडिएशन. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाला पोचणारं रेडिएशन एकेका ग्रेने (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) वाढलं की हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, आणि ही वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू होऊन पुढे वीस वर्षांनंतरही चालू राहते, असं त्यात दिसलं. लाल औषध, त्यावर ट्रॅस्टुझुमॅब, वर डाव्या बाजूला रेडिएशन: हे तिन्ही माझ्या डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर टाइप केलेलं होतं. त्या फाइलवर आपला चहाचा कप होता.

हे सगळं मी आपल्याला येऊन सांगितलं. आपण क्षणभर विचार केलात आणि प्रसन्न होऊन म्हणालात, "म्हणजे कॅन्सर नाही ना? मग झालं तर!"

हे पत्र त्या एका वाक्यामुळे आहे. आधीचं सगळं मी गिळलं असतं.

आपला युक्तिवाद मला आता समजलाय. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला दोनच गोष्टी होऊ शकतात: कॅन्सर परत येणं किंवा कॅन्सर परत येण्याची भीती. स्कॅन क्लिअर असेल तर उरली भीती. भीतीला झोपेची अर्धी. सुटसुटीत आहे. फक्त यात औषधांनी मागे ठेवलेलं काही बसत नाही, आणि हल्ली माझ्यासारख्यांना जे होतं त्यातलं बरंच काही नेमकं तिथेच असतं.

भीतीबद्दल खोटं कशाला बोलू. आम्ही घाबरतोच. शिंक आली तरी घाबरतो. फॉलोअपच्या आदल्या रात्री आमच्यातलं कुणी झोपत नाही. पण घाबरट माणसाचं हृदय निकामी होत नाही असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय, ते कळवावं. मी फार वाचते, तेही वाचीन.

"रिपोर्ट नॉर्मल आहेत" याविषयी थोडं. आपण ते वाक्य निकाल दिल्यासारखं म्हणता, म्हणून मी चौकशी केली. १९९४ मध्ये इटलीतून दोन मोठे अभ्यास आले. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या हजारो बायकांत एका गटाला ठरलेल्या वेळी हाडांचे स्कॅन आणि छातीचे एक्स-रे करत राहिले, दुसऱ्या गटाची साधी तपासणी आणि मॅमोग्राफी केली. सतत स्कॅन केलेल्या बायका जास्त जगल्या नाहीत. म्हणून आज अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात, की काही त्रास नसेल तर उगाच स्कॅन नको, रक्तातले ट्यूमर मार्कर नकोत. वर्षाला मॅमोग्राफी करा, आणि पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा बाईला समोर बसवून विचारा आणि हात लावून तपासा.

लक्षात आलं का, डॉक्टरसाहेब? स्कॅन करत नाहीत ते विचारणार आहेत या भरवशावर. अख्खी पाळत बाईच्या तोंडावर आणि डॉक्टरच्या हातावर सोडली आहे. माझी तक्रार हीच माझी तपासणी होती, आणि ती आपण झोपेची अर्धी देऊन पाठवून दिलीत.

हाताची किंमत कळायला इटलीपर्यंत जायलाही नको. मुंबईत टाटा मेमोरियलने वीस वर्षं एक काम चालवलं. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आले. दीड लाखाहून जास्त बायका, बऱ्याचशा झोपडपट्ट्यांतल्या. ना मॅमोग्राफी, ना मशीन. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायच्या. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. त्या आरोग्यसेविकांच्या भिंतीवर आपल्यासारख्या चार फ्रेम केलेल्या पदव्या नव्हत्या. हात मात्र होते.

आपल्याकडे गर्दी असते, हे मान्य. बाहेर बाकावर वीस माणसं, औषध कंपन्यांचे दोन एमआर, शिवाय तो प्लॉट. भारतात डॉक्टर-रुग्ण भेट साधारण दोन मिनिटांची असते असं एका जागतिक पाहणीत दिसलं होतं. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. मी साडेबावीस मागत नाही. इतकी मिनिटं आपल्यासमोर बसायची ताकद माझ्या पस्तीस टक्क्यांत नाही. त्या दोनपैकी अर्ध्या मिनिटात "कोणती केमो, कोणती बाजू, हे दुखणं नवीन आहे का" एवढं मावतं. त्या मुलीच्या बाबतीत मावलं.

आणि मी एकटीच असते तर लिहिलंही नसतं. परळच्या बाकावर बसलं की माणूस शिकतो. एक मावशी टॅमॉक्सिफेनवर होत्या, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, अंगावर थोडं रक्त दिसलं. त्यांच्या गावच्या डॉक्टरने "उष्णता" म्हणून सांगितलं. या गोळीने गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे तिथे उष्णतेवर थांबायचं नसतं. एका काकांना मानेला लाईट, म्हणजे रेडिएशन, दिलेली. दाढ दुखली, दाताच्या डॉक्टरने उपटली, जबड्याचं हाड भरून येईना. विचारलं नव्हतं, सांगायचं सुचलं नव्हतं. एकाला सिस्प्लॅटिन या केमोनंतर ऐकू कमी येत होतं. घरचे म्हणत, मुद्दाम लक्ष देत नाही.

पण सगळ्यांत जास्त राग मला कंबरदुखीच्या गोष्टींचा येतो. कंबर कुणाची दुखत नाही? म्हणूनच ती इतकी सहज उडवली जाते. पट्टा बांधा, बाम लावा, खाली गादी टाकून झोपा. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर झालेल्या माणसाची पाठ नव्याने दुखायला लागली, आडवं झाल्यावर जास्त दुखली, छातीभोवती आवळल्यासारखं वाटलं, पायातली शक्ती जायला लागली किंवा लघवीचं कळेनासं झालं, तर मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. मग एमआरआय त्याच दिवशी लागतो, सणवार झाल्यावर नाही. उपचार सुरू होताना जो चालतो आहे तो बहुधा चालता राहतो. ज्याचे पाय गेले त्याला ते परत मिळणं अवघड असतं. बाकाशेजारी, माझ्या बाजूला, एक बाई व्हीलचेअरवर होती. तिला महिनाभर कॅल्शियम दिलं होतं.

आणखी एक, आपल्याला संख्या आवडतात म्हणून. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात आजार पसरलेल्या ७६६ रुग्णांचा अभ्यास झाला. काहींनी आपले त्रास नियमितपणे संगणकावर नोंदवायचे आणि गंभीर काही असेल तर नर्सला लगेच कळायचं. बाकीच्यांचं नेहमीसारखं. निकाल २०१७ मध्ये आला: पहिल्या गटाचा जगण्याचा मध्यक काळ ३१.२ महिने, दुसऱ्याचा २६. पाच महिने, डॉक्टरसाहेब, नुसतं ऐकून आणि वेळेवर हालचाल करून. एखाद्या गोळीने हे साधलं असतं तर एमआरने आपल्याला तिच्यासाठी बँकॉकला नेलं असतं.

आता कामाचं. सोबत एक कागद जोडला आहे. त्यावर माझ्या हाताने लिहिलंय: कोणती औषधं, लाल औषध एकूण किती, रेडिएशन कोणत्या बाजूला आणि कधी संपलं, कोणत्या हाताला बीपी बघायचा, शेवटचा इको कधी आणि आकडा किती. अक्षर मोठं काढलंय. असा कागद उपचार संपताना प्रत्येकाच्या हातात पडावा, असं अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय समितीने २००६ च्या अहवालात लिहून ठेवलंय. आमच्या हातात फाइल पडते आणि फाइल आपल्याला जड होते. कागद हलका आहे. आपल्याकडे येणाऱ्या बाकीच्यांनाही असा कागद करायला मी सांगत असते. गेल्या आठवड्यात बाहेरच्या बाकावर तिघींचा लिहून दिला. आपण आत होता. प्लॉटचं जमलं असावं, पेढे वाटत होतात.

मी बरी आहे. पाणी उतरवायची गोळी आणि हृदयाची औषधं चालू आहेत. आता दोन उशांवर भागतं.

कळावे, लोभ असावा, आणि नसला तरी फाइल वाचावी.

आपली,
टेन्शन घेणारी वहिनी

ता. क. : हृदयाच्या डॉक्टरांनी मीठ अगदी कमी करायला सांगितलंय. म्हणून पत्रातही बेतानेच घातलं आहे.