जुनी सदनिका दाखवावी कशी

पुण्याच्या पेठांतून ज्यांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या व स्वयंपाकघर घेतले, ज्यांच्या गुडघ्यांनी आता जिन्याशी उघड वैर मांडले आहे, आणि ज्यांची मुले परदेशातून दूरध्वनीवर ‘विकून टाका’ एवढाच उपदेश विनामूल्य करीत असतात, अशा सद्गृहस्थांच्या उपयोगार्थ ही टिपणे सादर करीत आहोत.

प्रथम काळाचा विचार. पितृपक्षात इसार देणारा मनुष्य सापडत नाही, सबब त्या पंधरवड्यात येणाऱ्यांस चहासुद्धा देऊ नये. आषाढ-श्रावणात तर दार उघडूच नये. त्या दिवसांत घर स्वतःच बोलू लागते. फाल्गुन ते वैशाख हा काळ प्रशस्त होय, कारण भिंती कोरड्या असतात आणि गुढीपाडवा व अक्षय्य तृतीया हे दोन मुहूर्त हाताशी असतात. वेळ मात्र पंचांगाने नव्हे, नळाने ठरवावी.

माळ्यावरचे दिवाळी अंक, झाकणे हरवलेल्या बरण्या आणि ‘लागतील कधीतरी’ म्हणून धुऊन ठेवलेले श्रीखंडाचे डबे यांची विल्हेवाट लावणे हे काम कष्टाचे असले, तरी शास्त्राचे नव्हे. ते गृहिणीच्या अनुमतीने, किंवा ती माहेरी गेली असता, उरकावे.

शास्त्राचा आरंभ छतावरच्या डागापासून होतो. वरच्या बिऱ्हाडाच्या मोरीतून झिरपणाऱ्या पाण्याने न्हाणीघराबाहेर जो पिवळट, कडेला तपकिरी झालेला आणि मध्ये लोणा फुटून पोपडे सुटलेला आकार उमटलेला असतो, तो पाहताच सामान्य विक्रेत्यास रंगाऱ्याची आठवण होते. त्याने क्षणभर थांबावे आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५५ वे कलम वाचावे. मिळकतीतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, परंतु खरेदीदारास ठाऊक नाही व साधारण दक्षता बाळगूनही ध्यानी येणार नाही, तो दोष, विरुद्ध करार नसेल तर, विक्रेत्याने आपण होऊन सांगितला पाहिजे; न सांगितल्यास ते कपट ठरते. यातील मर्म सूक्ष्म आहे. डाग उघडा दिसतो आहे तोवर आपण त्याविषयी मौन पाळू शकता. त्यावर लांबी भरून रंगाचा हात फिरवलात की तो गुप्त झाला, आणि गुप्त झाला की तोंड उघडणे आले. सबब, रंगाऱ्यास पैसे देऊन स्वतःवर सत्य बोलण्याचा प्रसंग ओढवून घेणे हा दुहेरी खर्च होय. डाग जेथे आहे तेथेच असू द्यावा आणि खरेदीदाराची दृष्टी खाली राहील अशी व्यवस्था करावी. जुन्या मोझॅक फरश्या घासून लखलखीत केल्या आणि ‘जरा जपून, पाय घसरेल’ असे दोनदा म्हटले, तर सज्जन मनुष्य मान वर करीत नाही.

ही युक्ती खरेदीदाराच्या मामापुढे चालत नाही. कायद्याने जिला साधारण दक्षता म्हटले आहे, ती मराठी कुटुंबात स्वतंत्र इसमाच्या रूपाने वावरते. हा इसम बहुधा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला असतो आणि घरात शिरताच यजमानास नमस्कार करण्यापूर्वी छतास दृष्टिभेट देतो. मग तो बोटाच्या पेराने फरशी वाजवतो, एक ठिकाणी पोकळ आवाज आला की भाच्याकडे पाहतो, सारे नळ एकदम सोडतो, आणि शेवटी होकायंत्र काढून स्वयंपाकघर आग्नेयेस नसल्याचे जाहीर करतो. त्याच्याशी वाद घालू नये. ‘तुमच्या काळी बांधकाम कसे होते, साहेब?’ असा एकच प्रश्न विचारावा. पुढचा अर्धा तास तो आपल्या घरात असूनही नसतो.

क्षेत्रफळाचा प्रश्न निघाला, तर आकडा मोघम सांगू नये. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्रातून बाहेरच्या भिंती व गॅलरी वगळल्या आणि आतल्या भिंती तेवढ्या ठेवल्या. आपली इमारत त्याच्या कित्येक वर्षे आधीची असली, तरी मामाच्या खिशातली टेप याच कायद्याने चालते.

कागदपत्रांचे दप्तर मात्र निष्कपट असावे. संस्थेचे भागपत्र शोधून ठेवावे. पन्नास रुपयांचे पाच भाग धारण करणाऱ्या या जीर्ण कागदावर लाखो रुपयांचा व्यवहार उभा असतो, आणि तो बहुधा देव्हाऱ्याखालच्या खणात वीजबिलांच्या गठ्ठ्यात सापडतो. हस्तांतरण शुल्क २५,००० रुपयांवर घेऊ नये असा शासनाचा दंडक आहे. त्यापुढे चिटणीस जिन्याच्या रंगरंगोटीचा विषय काढू लागले, तर कानांनी अधू व्हावे.

उरला जिना. वरच्या मजल्यावर पहाटे पाचास तबला घेऊन बसणारे गृहस्थ हा मिळकतीतील दोष मानावा किंवा कसे, याविषयी ५५ वे कलम मूक आहे; शेजारी मूक नसतात. पाहुणे उतरू लागताच प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी दाराशी चपला नीट लावीत उभे असते आणि ‘कुणाकडे आला होतात?’ असे अत्यंत निरुपद्रवी स्वरात विचारते. म्हणून इसाराची रक्कम घरातच घ्यावी, पावती लगेच लिहावी, आणि गुडघे कितीही दुखत असले तरी पाहुण्यांबरोबर स्वतः फाटकापर्यंत उतरावे, वाटेत पाण्याच्या मुबलकतेविषयी मोठ्याने बोलत. मामा पहारेकऱ्याशी बोलू लागले, तर त्याला तत्काळ विड्या आणायला पाठवावे.