दोन टक्क्यांच्या आतला भोपळा

जावई : बाबा, हा डोनट घ्या. मी दहापैकी सात दिलेत. तुमचे गुण सांगा, म्हणजे मंडळाच्या ग्रुपवर टाकतो.

सासरे : गुण कशाचे द्यायचे?

जावई : भोपळ्याचे. पंपकिन डोनट आहे.

सासरे : बघू ते खोकं. मैदा, साखर, पाम तेल, पाणी, अंडी, मीठ, दालचिनी... जावईबापू, भोपळा अजून आला नाही.

जावई : असेल हो पुढे.

सासरे : आला, आला. ‘पुढील घटक दोन टक्के किंवा त्याहून कमी’ म्हणून खाली जी भुतावळ उभी केलीय, तिच्यात आहे. डिंकाच्या पलीकडे, रंगाच्या अलीकडे. भोपळ्याची पूड!

जावई : लेबल कोण वाचतं, बाबा?

सासरे : मी वाचतो. कायदा मात्र छान आहे हं तुमच्या अमेरिकेचा. जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं. चोराकडूनच पंचनामा लिहून घेतात.

जावई : बरं, या कुकीज घ्या. आठ दिलेत यांना.

सासरे : इथे भोपळा मिठाच्या वर आहे. प्रगती आहे.

जावई : आणि चव?

सासरे : दालचिनीची.

जावई : हे चीजकेक बघा मग.

सासरे : दालचिनी. पण क्रीममधली.

जावई : अहो, तो पंपकिन स्पाइस! दालचिनी, सुंठ, जायफळ, ऑलस्पाइस. भोपळ्याच्या पायमध्ये घालायचा मसाला. मॅककॉर्मिकने १९३४ मध्ये तयार मिश्रण बाजारात आणलं. त्याचा वास आला की इथल्या माणसाला शरद ऋतू आल्यासारखं वाटतं.

सासरे : इथे शरद कधी लागतो?

जावई : सप्टेंबरच्या शेवटी.

सासरे : आणि तुमची ती भोपळ्याची कॉफी?

जावई : ती... ऑगस्टमध्येच येते.

सासरे : म्हणजे घरात एसी लावून तुम्ही शरद पिता.

जावई : त्या कॉफीत आता खरा भोपळा असतो, सांगून ठेवतो. स्टारबक्सने २०१५ पासून घातलाय.

सासरे : कॉफी कधी निघाली?

जावई : २००३ मध्ये.

सासरे : बारा वर्षं भोपळ्यावाचून भोपळ्याची कॉफी! धन्य आहे. आणि दाराबाहेर पायऱ्यांवर ते एवढे थोरले भोपळे मांडलेत, ते?

जावई : ते हॅलोविनचे. कोरायचे, आत दिवा लावायचा. ती जात पाणचट असते, खायला मजा नाही.

सासरे : असं. भोपळा बघायला आणि दालचिनी खायला.

जावई : आता हा पाय खा. इथे तुम्हाला बोलायला जागा नाही. लेबलावर पहिलाच भोपळा आहे. डब्यात भरायचा भोपळा बहुतेक इलिनॉयमध्ये पिकतो. डिकिन्सन नावाची जात, आपल्या लाल भोपळ्याच्याच कुळातली.

सासरे : (खातात. न विचारता दुसरा तुकडा घेतात.) हा भोपळा आहे! साखरेऐवजी गूळ असता तर घारग्याचंच मिश्रण म्हणालो असतो. जायफळसुद्धा बेताचं पडलंय. याला किती दिलेत?

जावई : चार.

सासरे : चार? का हो?

जावई : जरा भोपळ्यासारखा लागतो.

सासरे : ...

जावई : हसू नका, बाबा.

सासरे : हसत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला तुमच्या सासूबाईंनी घारगे केले होते. ‘मला भोपळा चालत नाही’ म्हणालात. तेव्हापासून तुम्ही यायचे असलात की ती घारगे करत नाही. मला आवडतात हो.

जावई : म्हणजे तो राग आज माझ्या डोनटवर काढताय?

सासरे : डोनट तुम्हीच पुढे केलात.

जावई : कामावरून येताना माणूस हौसेने एखादं खोकं आणतो. ऑफिसात सगळे तेच खातात, पोरांच्या शाळेत तेच. आपणही खावं, चार दिवस मजा करावी. त्यात कशाची किती टक्केवारी, हे कुठून आलं? खाताना चौकशी बसवायची असते का?

सासरे : मजा करा ना. फक्त ग्रुपवर भोपळ्याचे गुण म्हणून टाकू नका. दालचिनीचे म्हणा.

जावई : तुम्हाला इथलं काही म्हणजे काही आवडत नाही.

सासरे : पाय आवडला की. दोन तुकडे खाल्ले.

जावई : तो मला आवडत नाही!

सासरे : मग इथलं न आवडणारा कोण?

जावई : राहू द्या. आइस्क्रीम उरलंय, काढू की नको?

सासरे : काढा. लेबल मात्र तुम्ही वाचा. मोठ्याने.

जावई : दूध, क्रीम, साखर...

सासरे : पुढे?

जावई : पुढचं अक्षर फार बारीक आहे, बाबा.