कंपाउंडवरची सतरंजी

"काल रातच्याला टेम्पो कायचा आला होता वं?"

सकाळचे साडेसात. नवरात्र आठ दिवसांवर आलेलं आणि घरात झाडझूड काढलेली. मी सतरंजी झटकून दोन घरांमधल्या कंपाउंडच्या भिंतीवर टाकली न टाकली तोच पलीकडून काकूंचा प्रश्न आला. ही भिंत छातीएवढी. तिच्यावरून वाट्या, बरण्या, कढीपत्ता आणि गल्लीतल्या बातम्या इकडून तिकडे जातात. परत येताना वाटी रिकामी येत नाही आणि बातमी होती तेवढीच येत नाही.

"सोफा आला, काकू."

"सोफा मले दिसला. मी काय आंधळी हाये? कायचा म्हंजे कितीचा?"

मी दोन हजार कमी करून किंमत सांगितली. काकूंनी मनात पाच हजार चढवून धरली असणार. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं आणि माझ्या आवाजावरून त्यांना.

"अन मंग रात्री ठकठक कायची चालली होती? मले वाटलं चोर शिरले. यायले उठवलं, तं हे म्हंतात, चोर एवढा दणका करत नाई, झोप."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सोफा एल आकाराचा. दुकानात जाण्याआधी मी हॉलचं माप तीनदा घेतलं होतं, दाराचं एकदाही नाही. दार तीन फुटांचं आणि सोफ्याची खोली सव्वातीन. आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, शेवटी खिडकीचं ग्रिल काढून आत घेतला. ग्रिल अजून अंगणात पडलेलं आहे.

"वस्तू घेतानी पह्यले दार मोजावं," काकू म्हणाल्या. "अन जिनाही. आमच्या नणदेचं कपाट अजून जिन्याच्या वळणावरच हाये. आता थे त्याच्यातच कपडे ठेवते."

मी विषय बदलला. "आता सोफ्याखाली एक छानसा गालिचा टाकायचा आहे. फिकट, दुधी रंगाचा. दुकानात पाहून ठेवलाय."

काकूंनी सतरंजीचं टोक सोडून माझ्याकडे पाहिलं. "दुधी? यवतमायात? अवं बाई, आपल्या इथं काई माती हाये. पावसायात पोट्टे वावरातून आले की एकेका चपलेले शेर-शेर चिखल. उन्हायात थेच माती धूळ होऊन घरात. दुधी गालिचा दिवायीपर्यंत गावरान मांजरीच्या रंगाचा होते का नाई ते पाह्य."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही, पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काळी माती आठवत नाही. शिवाय गालिच्याच्या बाबतीत मी एकदा पोळलेली. चार वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून 'हाताने बनवलेला' म्हणून एक गालिचा घेतला. पहिलं वर्षभर झाडू मारला की पसाभर लोकर निघायची. दोन उन्हाळे कूलरच्या ओलाव्यात काढल्यावर त्याला कुबट वास यायला लागला आणि उचलला तर खाली फरशीवर पांढरी भुकटी. तेव्हा शोधाशोध करून कळलं की 'हाताने बनवलेला' म्हणजे 'हाताने गाठी मारलेला' असं नसतं. टफ्टेड गालिच्यात यंत्राच्या बंदुकीनं कापडात लोकर टोचतात, मागून रबराचा चीक लावतात आणि त्यावर दुसरं कापड चिकटवून झाकतात. तो चीक वाळला की भुकटी होतो.

"मंग असली कोणता, हे ओयखाचं कसं?"

"उलटा करून. मागं कापड चिकटवलेलं असलं तर टफ्टेड. खऱ्या गाठींच्या गालिच्यात पुढची नक्षी मागंही तशीच दिसते, एकेक गाठ मोजता येते. आणि झालर शिवलेली नसते. ताण्याचे दोरेच टोकाला बाहेर येतात, त्यांचीच झालर होते."

"सून पाह्याले गेल्यावानी हाये हे. समोरून सगयेच पाह्यतात, पाठमोरी कोणी पाह्यत नाई."

एवढ्यात काका पेपर घेऊन ओट्यावर आले. काकांची नोकरी वनखात्यात, सगळी घाटंजी-पांढरकवड्याच्या जंगलात गेली. निवृत्त झाल्यापासून पेपर आधी ते वाचतात आणि मग आम्हाला ऐकवतात. गालिचा हा शब्द कानावर पडताच त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"विंडसरच्या राजवाड्यात वॉटर्लू दालन म्हणून आहे. तिथला गालिचा ठाऊक आहे का कोणी विणला? आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी. राणी व्हिक्टोरियासाठी. अख्खा एकसंध, दोन टन वजनाचा. 1992 साली राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले."

"पन्नास!" काकू म्हणाल्या. "अन आपल्या घरी एक सतरंजी झटकायले दोन पोट्टे उठत नाईत."

मी सांगितलं की आज गाठींच्या गालिच्यांचं मोठं काम उत्तर प्रदेशात, भदोही-मिर्झापूरकडे चालतं. भदोहीच्या गालिच्याला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण एकेकाळी तिथल्या मागांवर लहान पोरं बसवायचे, बोटं बारीक म्हणून. त्याविरुद्ध कैलाश सत्यार्थी लढले. पोरं न राबवता विणलेल्या गालिच्याला 1994 पासून 'रगमार्क' नावाचं लेबल लागायला लागलं, आता त्याला 'गुडवीव्ह' म्हणतात. महागडा गालिचा घ्यायचाच तर ते लेबल मागावं.

काकूंनी हे ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या माझ्या सतरंजीवर हात फिरवला. निळे-तांबडे पट्टे, कडा थोड्या विरलेल्या. "हे कुठची हाये?"

"अकोटची. सासूबाईंच्या वेळची."

"तरीच. चाळीस वर्सं झाली असतील, पण पीळ पाह्य कसा धरून हाये. अकोटच्या सतरंजीवर आमच्या घरी चार लग्नं जेवली. पंगत उठली की झटकायची, डाग पडला की हौदावर चोयायची, कंपोंडवर टाकायची. संध्याकायपर्यंत खडखडीत. तुझा गालिचा चोयता येते का?"

येत नाही. म्हणूनच मला आता दुकानापेक्षा ही भिंत जास्त पटायला लागली होती. सतरंजीला गाठी नसतात, लव नसते. ताणा आणि बाणा, बस. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून एक बाजू मळली की उलटून आणखी काही महिने. आणि पाहायला गेलं तर आपल्याच आसपास त्यात किती प्रकार. आदिलाबादच्या पलीकडे वरंगळच्या दऱ्या आहेत, त्यांना 2018 मध्ये मानांकन मिळालं. धारवाडकडे नवलगुंदला बायकाच माग चालवतात. तिथल्या दरीला जमखाना म्हणतात, आणि तो शब्द आपल्या आजीच्या तोंडातही होताच.

"कापूस आपला," काका म्हणाले. "शकुंतला आगगाडीत बसून मुर्तिजापूरले जायचा. आता चार राज्यं फिरून तोच दुकानात 'कॉटन रग' होऊन येतो, अन आपण त्याले इंग्रजीत भाव विचारतो."

समोरच्या वहिनी दुधाची पिशवी घेऊन चालल्या होत्या. दोन मिनिटांसाठी थांबल्या, म्हणजे अर्धा तास. त्यांचा भाऊ हैदराबादला. 2018 च्या ऑगस्टमध्ये आयकियाचं देशातलं पहिलं दुकान तिथं उघडलं, तेव्हा पांढरकवड्याहून 44 नंबरच्या हायवेनं हे सगळं कुटुंब ते पाहायला गेलं होतं. त्यावर गल्लीत वर्षभर बोलणं झालेलं आहे.

"ताई, तिथं आख्खं घर मांडून ठेवलेलं असतं. एवढ्याशा जागेत किती बसवतात! बसून पाहा, झोपून पाहा, कोणी उठवत नाही."

"मंग यायचा भाऊ झोपला," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या.

वहिनींनी तिकडे दुर्लक्ष केलं. "पण मला पटलं ते मोजमाप. घरी येऊन मी कल्पना तिथली घेतली आणि टीव्ही युनिट ऑनलाइन स्वस्तात मागवलं. ते मात्र वाया गेलं. खालचा कप्पा पोळीसारखा फुगला."

"कूलर कुठं ठेवता?"

"समोरच."

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, म्हणजे चार महिने कूलर घरातला कर्ता पुरुष. तो दिवसभर ओला वारा फेकतो आणि समोर असतं भुशाच्या फळीचं फर्निचर. पार्टिकल बोर्डाची कड एकदा पाणी प्यायली की फुगते, पुन्हा बसत नाही. माझ्या वाढईचं म्हणणं, भुशाची फळी आणायचीच तर चारही कडांना पट्टी चिकटवलेली आणि पायावर उचललेली आणा, नाहीतर प्लाय घ्या आणि प्लायवरचा आकडा वाचा. 710 म्हणजे मरीन, उकळत्या पाण्यातही थर सुटत नाहीत. 303 म्हणजे घरात चालतं, पण त्यातलंही बीडब्ल्यूआर पाहून घ्यायचं, ओलाव्याला तेच टिकतं. सोफ्यालाही आकडा असतो, फोमची डेन्सिटी. 32 चा दोन वर्षांत खड्डा पडतो, 40 चा जरा दम धरतो. दुकानदार कापडाचे रंग दाखवतो, आकडा विचारल्याशिवाय सांगत नाही.

"सागवानाच्या जिल्ह्यात राहून भुसा आणता," काका कळवळून म्हणाले. मग सागवानाचा पाठ झालाच. गाभ्यात तेल असतं म्हणून त्याला वाळवी शिवत नाही, पण सालीखालचा पांढरा भाग ती आवडीनं खाते. पॉलिश मारलं की दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून लाकूड पॉलिशच्या आधी पाहायचं. आणि डेपोची पावती, हातोडीचा छाप आणि वाहतूक परवाना नसलेलं सागवान कितीही स्वस्त मिळालं तरी घरात आणायचं नाही. हे शेवटचं काका अजून सरकारी आवाजातच सांगतात.

"तुमच्या माळ्यावर त्या वेताच्या दोन खुर्च्या होत्या, त्या काय केल्या?" त्यांनी मध्येच विचारलं.

"आहेत. भंगारवाल्याला द्यायच्या म्हणत होते."

"देऊ नका! चंदीगड वसवलं तेव्हा ल कॉर्बुझिए यांच्या चुलतभावानं, पिअर जेनरेनं, सरकारी कचेऱ्यांसाठी अशाच सागवान-वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या होत्या. पन्नासच्या दशकात. पुढे त्या मोडक्या म्हणून ढिगानं टाकल्या. त्याच परदेशातल्या लिलावात लाखांनी जायला लागल्या. 2011 मध्ये गृह मंत्रालयाला हुकूम काढावा लागला की त्या जपा, विकू नका."

"म्हंजे आमच्या माळ्यावर लाखाच्या खुर्च्या?" मी.

"नाही. तुमच्या खुर्च्या घाटंजीच्या वाढईनं केलेल्या. पण लाकूड तेच, वेत तोच. बूड नवं विणून घ्या, झालं मॉडर्न."

ऊन वर आलं. वहिनींचं दूध फाटायची वेळ झाली आणि काकूंना फोडणी आठवली. जाता जाता त्यांनी मला बजावलं, "गालिचा घे का सतरंजी, पण पह्यले रांगोयीनं जमिनीवर चौकोन काढ. आमच्या सुनेनं चार बाय सहाचा आणला, हॉलमधी थो पायपुसण्यावानी दिसते."

दुपारी मी खरंच रांगोळीनं चौकोन काढला. सोफ्याचे पुढचे दोन पाय आत घ्यायचे तर पाच बाय आठ लागत होता. तसा मिळेपर्यंत तिथं अकोटची सतरंजी चालेल, असं ठरवून रांगोळी पुसली.

संध्याकाळी काकू सोफा बघायला आल्या. येताना भिंतीवरची सतरंजी स्वतःच घडी करून घेऊन आल्या, दव पडायच्या आत. सोफ्याचं कापड दोन बोटांनी चाचपलं, प्लास्टिक अजून का काढलं नाही ते विचारलं. मी म्हटलं, बसा ना. त्यांनी सतरंजी सोफ्यासमोर पसरली, तिच्यावर मांडी घातली आणि पाठ सोफ्याला लावली. काका येऊन शेजारी बसले, तेही खालीच. मी चहाचे कप घेऊन आले आणि कुठं बसू म्हणून पाहिलं, तर नवरा आधीच पाय पसरून सतरंजीवर होता. सोफा आमच्या मागे रिकामा.

काकूंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि पाठ जरा मागं रेलून म्हणाल्या,

"चांगला हाये वं सोफा. टेकाले बेस्ट."