रॉल्फला चहा विचारता येत नाही

'स्कायरिम' हा व्हिडिओ गेम २०११ साली आला आणि कुंडलिकेकाठच्या आमच्या अष्टमीतली काही पोरं अजून त्यातून बाहेर पडलेली नाहीत. त्यात ड्रॅगन आहेत, तलवारी आहेत, जादू आहे. माझा जीव मात्र जडला तो रॉल्फ स्टोन-फिस्ट नावाच्या एका किरकोळ इसमावर. विंडहेल्म या बर्फाळ शहरात तो राहतो. ज्वालामुखीनं देशोधडीला लावलेले करड्या कातडीचे एल्फ तिथल्या एका कोंदट वस्तीत राहतात. रात्री ढोसायची आणि त्या वस्तीत जाऊन शिव्या घालायच्या, हा रॉल्फचा उद्योग. 'तुम्ही शत्रूचे हेर' हा आरोपही तयार; पुरावा मागायची पद्धत तिथंही नाही. भाऊ शहराच्या सत्ताधीशाचा उजवा हात, म्हणजे ओळख थेट वरपर्यंत. शंभर मोहरांची पैज लावून त्याच्याशी गुद्दागुद्दी करता येते. तो आडवा झाला की विषय संपला.

इथंच खेळ बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीचं चुकलं. इतका भाबडा खलनायक रायगड जिल्ह्यात आठवडाभर टिकायचा नाही.

मध्यरात्री घसा फोडून शिव्या कोण घालतं? आमच्याकडचा माणूस सकाळी अकराला, आंघोळ-पूजा उरकून भेटतो. भाड्याची जागा बघायला आलेल्याला आधी चहा सांगतो. मग, "मूळ गाव कुठलं तुमचं? आणि आडनाव? नाही, सहज आपलं." मग, "आमचं तसं काही नाही हो, पण बिल्डिंगमधली मंडळी जुन्या वळणाची." ही जुन्या वळणाची मंडळी आजवर कुणालाही दिसलेली नाहीत. जागा मात्र 'कालच गेलेली' असते. आता गुद्दा मारायचा कुणाला? चहा त्याचाच प्यायलेला असतो.

हे कसब एका पिढीत येत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं आधीच केला होता, अर्थात कागदावर. गावात आवई उठली, आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. आंबेडकरांच्या अनुयायांवर लाठ्या चालल्या. मग शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' झालं. पाण्यात हे सगळं कालवून ते स्वच्छ होतं, हा शोध कुठल्याही जादूच्या खेळाला सुचलेला नाही! पुढं नगरपालिकेनं ठराव मागं घेतला, सनातन्यांनी दावा लावला, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

आडनावावर चालणारी ही चौकशी फसते ती मात्र आमच्या गावात. समोरचा म्हणतो, मी अष्टमकर. किंवा रोहेकर, पेणकर. विचारणारा खूश: वा, आपलाच कोकणी माणूस! आणि तो निघतो बेने इस्रायली, म्हणजे ज्यू. या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या इथं तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून 'शनवार तेली' म्हणवून घेतलं, आणि गावाच्या नावाला 'कर' लावून मोकळे झाले. तपासनीस चीतपट.

पुढं त्यातले बरेचजण इस्रायलला गेले. आपल्या लोकांत तरी ही चौकशी नसेल, असं त्यांना वाटलं असणार. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं: बेने इस्रायलींचं समाजाबाहेर लग्न लावायचं तर आईकडच्या पिढ्या तपासून घ्या. मंडळी धरण्याला बसली, निदर्शनं झाली. १९६४ साली संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठं धर्मपीठानं फर्मानाची भाषा बदलली.

तर घरमालकहो, अनामत ठरवा, वीजबिलाचं बोला, पोलीस पडताळणीही करून घ्या. भाडेकरारात पणजीच्या माहेरासाठी रकाना नसतो.