मोबाइल कंपन्यांना एका नाममात्र मालकाचे पत्र

फोन बनवणाऱ्या समस्त कंपन्यांच्या चालक-मालकांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आमच्या सुरक्षेची तुम्ही वाहत असलेली काळजी पाहून ऊर भरून येतो. पैसे आम्ही मोजतो, हप्ते आम्ही फेडतो, पावतीवर नावही आमचेच असते. पण फोनमध्ये कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चालावी हा नाजूक निर्णय आमच्या अडाणी हाती पडू नये, म्हणून फोन चालू होताना सिस्टिम सुरू करून देणाऱ्या बूटलोडरला कुलूप ठोकून किल्ली तुम्ही स्वतःकडे ठेवता. हुआवेने २०१८ मध्ये किल्ली देणेच बंद केले. शाओमीने अर्जदारांना १६८ तास थांबायला लावले. रागाच्या भरात कोणी स्वतःच्या फोनचा मालक होऊन बसू नये, हा हेतू उदात्तच म्हणायचा. सॅमसंगची माया त्याहून खोल. चिपमध्येच एक सूक्ष्म फ्यूज असतो. कंपनीला मान्य नसलेले सॉफ्टवेअर एकदा मारले की तो जळतो आणि नॉक्स या त्यांच्या सुरक्षाव्यवस्थेच्या नोंदीतल्या शून्याचा कायमचा एक होतो. मूळ सॉफ्टवेअर पुन्हा चढवा, सर्व्हिस सेंटरला हात जोडा, तो एक पुसला जात नाही आणि खासगी फाइलींचा सिक्युअर फोल्डर त्या फोनवर पुन्हा उघडत नाही. जन्मठेपेलाही माफीची तरतूद असते!

हे सगळे सुरक्षेसाठी, हे क्षणभर मान्य करू. पण फोनची सुरक्षा कुलपापेक्षा अपडेटवर अवलंबून असते, आणि अपडेट तर तुम्हीच बंद करता. गॅलेक्सी एस५ हा फोन २०१४ मध्ये अँड्रॉइड ४.४ घेऊन आला, ६.०.१ पर्यंत पोचला आणि तिथे कंपनीने हात झटकले. त्याच फोनवर, त्याच २ जीबी रॅमवर, लिनेजओएस ही अँड्रॉइडवर बेतलेली मुक्त सिस्टिम बनवणाऱ्या स्वयंसेवकांनी २०२१ मध्ये अँड्रॉइड ११ चालवून दाखवले. चिपच्या बंदिस्त फर्मवेअरमधली भोके त्यांना बुजवता येत नाहीत, हे खरे. ती बुजवू शकणारे चिपवाले आणि तुम्ही, आणि तुम्ही तर तोवर पुढच्या मॉडेलच्या जाहिरातीत गर्क. जुन्या वाड्यातल्या सासूबाई किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून हिंडत, पण त्यांच्या कोठीत निदान धान्य असे. तुमची कोठी रिकामी झाल्यावरही जुडगा काही कमरेवरून उतरत नाही.

यावर तुमचे पहिले उत्तर ठरलेले असते: रूट केलेला, म्हणजे सिस्टिमचे सर्वाधिकार खुले केलेला, फोन म्हणजे चोराला आवतण. रूटचा अधिकार एखाद्या लबाड ॲपच्या हाती गेला तर काही झाकलेले उरत नाही, यात वाद नाही. पण रूट करणे आणि सिस्टिम बदलणे या दोन गोष्टी तुम्ही सोयीने एकाच पोत्यात भरता. लिनेजओएस मुळात रूटविना येते. सुरक्षेवरच भर देणाऱ्या ग्राफीनओएस या दुसऱ्या सिस्टिमचे लोक तर रूटच्या नावानेच नाक मुरडतात. राहिला प्रश्न उघड्या बूटलोडरचा. उघडताना फोनमधला डेटा पुसला जातो, तरी त्यानंतर फोन हाती लागलेला माणूस त्यात काहीबाही घुसवू शकतो, ही भीती खोटी नाही. मात्र तिच्यावरचा उपाय गुगलच्या पिक्सेलमध्ये आहे: नव्या सिस्टिमची सही नोंदवायची आणि बूटलोडर पुन्हा बंद करायचा. म्हणजे कुलूपही राहते आणि किल्ली मालकाकडे राहते. हे जमत नाही असे नाही, तुम्हाला जमवायचे नाही.

दुसरे उत्तर: मधले विक्रेते फोन उघडून त्यात जाहिरातींचे सॉफ्टवेअर भरतात, त्यांना आळा घालायचा आहे. बरोबरच आहे, तो मान तुम्ही स्वतःसाठी राखून ठेवलेला दिसतो. आणि उघडलेला फोन सुरू होताना तसा इशारा पडद्यावर झळकतोच. तो वाचून घ्यायचा की नाही एवढी अक्कल गिऱ्हाइकाला असते.

तिसरे उत्तर बँकांच्या तोंडून येते. त्यांची कित्येक ॲप्स गुगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणी सेवेला विचारून ठरवतात की हा फोन विश्वासाचा की नाही. इथला न्याय बघण्यासारखा आहे. वर्षानुवर्षे सुरक्षा अपडेट न मिळालेला फोन मूळ सॉफ्टवेअरवर आणि कुलूपबंद असेल तर नेहमीच्या चाचणीत उत्तीर्ण. ताजे अपडेट असलेला, बूटलोडर पुन्हा बंद केलेला ग्राफीनओएसचा पिक्सेल मात्र त्याच चाचणीत नापास. गेल्या १२ महिन्यांतल्या अपडेटची अट २०२५ मध्ये आली, पण अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांच्या फोनांसाठी आणि तीही सर्वांत कडक चाचणीपुरती, जी लावायची की नाही हे ॲपवाल्याच्या मर्जीवर. म्हणजे तपासले जाते ते फोन सुरक्षित आहे की नाही हे नव्हे, शिक्का कोणाचा आहे हे.

असल्या उचापती करणारे मूठभरच, असेही तुम्ही म्हणाल. असतील. पण त्या मूठभरांनी तयार केलेली सिस्टिम गल्लीतला मोबाइल दुरुस्तीवाला इतरांच्या फोनवर मारून देऊ शकतो, आणि अडगळीत गेलेला फोन कोणाच्या तरी पोराच्या अभ्यासाला लागतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षे अपडेट देण्याची सक्ती केली आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही, म्हणून ही विनंती: तुम्हाला नकोसा झालेला फोन आम्हाला नकोसा झालेला नसतो. ज्या दिवशी एखाद्या मॉडेलचे अपडेट थांबवाल, त्याच दिवशी त्याच्या बूटलोडरची किल्ली विनाअट, विनाअर्ज आणि विनामूल्य जाहीर करा.

कळावे, लोभ असावा.
आपला,
पावतीपुरता मालक